वाडा विकल्यानंतरचा कर आणि महागाई निर्देशांक : वडोदऱ्यातील एका सीए कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील मराठी कुटुंबांचे जुने वाडे आता एकेक करून विकले जात आहेत. मुले परगावी किंवा परदेशी स्थायिक झाली, वाड्याची देखभाल झेपेनाशी झाली, आणि भाऊबहिणींनी एकमताने विकायचे ठरवले, हीच कथा बहुतेक घरांत आहे. विक्रीचा दस्तऐवज होईपर्यंत सगळ्यांचे लक्ष किमतीकडे असते; दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर, म्हणजे बराच काळ जवळ असलेली मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर, कर किती पडणार, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो, आणि तेव्हा ज्याला विचारावे तो वेगळेच उत्तर देतो. आमचा वाडा २०२५-२६ या आर्थिक वर्षात विकला गेला. करआकारणीचा संपूर्ण हिशोब आम्ही दांडिया बाजारातील एका सनदी लेखापाल बाईंच्या कार्यालयाकडून करून घेतला. त्या सेवेविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण महागाई निर्देशांकाचा करावर नेमका काय परिणाम होतो, हे इतक्या स्पष्टपणे मला अन्यत्र कोठेही समजावून मिळाले नव्हते. सनदी लेखापालांना स्वतःची जाहिरात करण्यावर त्यांच्या संस्थेच्या नियमांची बंधने आहेत, म्हणून बाईंच्या विनंतीवरून कार्यालयाचे नाव येथे दिलेले नाही.

सेवेचे स्वरूप आधी सांगतो. कागदपत्रांची तपासणी, १ एप्रिल २००१ रोजीच्या किमतीसाठी नोंदणीकृत मूल्यमापकाशी समन्वय, दोन्ही पद्धतींनी कराची लेखी आकडेमोड, करबचतीच्या पर्यायांची चर्चा आणि पुढे विवरणपत्र भरणे, एवढे सगळे एकाच शुल्कात होते. तिघा भावंडांचे मिळून शुल्क बारा हजार रुपये झाले आणि मूल्यमापकाने त्याचे आठ हजार वेगळे घेतले. केवळ विवरणपत्र भरून देणाऱ्यांच्या तुलनेत ही रक्कम जास्त वाटेल. पण हिशोबात जो फरक पडला तो पाहता मला ती वाजवी वाटते.

बाईंनी पहिल्याच बैठकीत पायाभूत गोष्ट समजावली. पंचवीस वर्षांपूर्वी सात लाखांची असलेली वस्तू आज पन्नास लाखांना विकली गेली, तर त्या त्रेचाळीस लाखांच्या वाढीतला मोठा भाग हा रुपयाची किंमत घटल्याचा परिणाम असतो. मालकाची संपत्ती तेवढ्याने खरोखर वाढलेली नसते. म्हणून मूळ खर्चाला महागाईच्या प्रमाणात फुगवून घ्यायचे, विक्रीच्या रकमेतून तो फुगवलेला खर्च वजा करायचा आणि उरलेल्या नफ्यावरच कर लावायचा, ही इंडेक्सेशनची पद्धत १९९२ च्या वित्त कायद्याने आपल्याकडे आणली. सुरुवातीला १९८१-८२ हे पायाभूत वर्ष होते आणि त्याचा निर्देशांक १०० धरला जाई; २०१६-१७ पर्यंत तो ११२५ झाला. २०१७ च्या अर्थसंकल्पाने पायाभूत वर्ष बदलून २००१-०२ केले. त्या वर्षाचा निर्देशांक १००, २०१२-१३ चा २०० आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे २००१ मधल्या एका रुपयाच्या खर्चाला २०२५-२६ मधल्या विक्रीसाठी तीन रुपये शहात्तर पैसे धरले जातात.

येथे बाईंनी एक बाब आवर्जून सांगितली, जी मला अतिशय महत्त्वाची वाटते. हा निर्देशांक महागाईचे संपूर्ण प्रतिबिंब नाही. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकात आदल्या वर्षी जी सरासरी वाढ होते, तिच्या पंचाहत्तर टक्केच वाढ यात धरली जाते. त्यामुळे इंडेक्सेशनचा पूर्ण लाभ घेतला तरी महागाईच्या एक चतुर्थांश हिश्श्यावर करदाता कर भरतच असतो. इंडेक्सेशन ही सरकारने दिलेली मेहेरबानी आहे असे जे बोलले जाते, ते यामुळे मला पटत नाही. तो नफा मोजण्याचा अधिक प्रामाणिक मार्ग होता, आणि तोसुद्धा अपुराच होता.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हा मार्ग बंद केला. वीस टक्के दर आणि इंडेक्सेशन यांच्या जागी साडेबारा टक्के दर आला आणि इंडेक्सेशन गेले. जुन्या मालमत्तेच्या मालकांनी यावर तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर ऑगस्टमध्ये वित्त विधेयकात दुरुस्ती झाली. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत कराच्या दृष्टीने भारतात निवासी असलेल्या व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने विकली, तर नव्या पद्धतीचा कर जुन्या पद्धतीच्या करापेक्षा जेवढा जास्त होईल तेवढा सोडून दिला जातो. सोप्या भाषेत, दोन्ही हिशोब करायचे आणि कमी येईल तो कर भरायचा. ही दुरुस्ती अनेकांपर्यंत पोचलेलीच नाही. या कार्यालयात जाण्यापूर्वी आम्ही ज्या एका करसल्लागाराला विचारले, त्याने फोनवरच ‘आता इंडेक्सेशन नाही, सरळ साडेबारा टक्के’ असे सांगून विषय संपवला होता.

आता आमचा हिशोब. वाडा दीड कोटीला गेला. दादा, ताई आणि मी असे तिघे समान वाटेकरी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास लाख आले. वाडा आजोबांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात घेतलेला, त्या वेळची किंमत आजच्या मानाने नगण्य. कायद्याने १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी त्या दिवसाची बाजारातील किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. नव्या साडेबारा टक्क्यांच्या पद्धतीतही ही सोय कायम आहे, गेले आहे ते फक्त इंडेक्सेशन. ही गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. मूल्यमापकाने संपूर्ण वाड्याची २००१ ची किंमत एकवीस लाख काढली, म्हणजे प्रत्येकी सात लाख.

बाईंनी एका कोऱ्या फुलस्केप कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे जुनी पद्धत, उजवीकडे नवी. डाव्या बाजूला सात लाखांना ३७६ ने गुणून १०० ने भागले, सव्वीस लाख बत्तीस हजार आले. पन्नास लाखांतून ते वजा करून तेवीस लाख अडुसष्ट हजार नफा, आणि त्यावर वीस टक्क्यांनी चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे रुपये कर. उजव्या बाजूला पन्नास वजा सात, त्रेचाळीस लाख नफा, आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी पाच लाख सदतीस हजार पाचशे. वर चार टक्के उपकर दोन्हीकडे सारखाच. संगणकावर हे क्षणात झाले असते, पण त्यांनी प्रत्येक ओळ हाताने लिहून ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मगच पुढे गेल्या. माझ्यासारख्या ज्येष्ठ अशिलासाठी ही पद्धत मोलाची आहे. कागदाच्या छायाप्रती तिघांनाही मिळाल्या.

मग त्यांनी विचारले, “काका, २००१ नंतर वाड्यात काही मोठे काम केले होते का? गच्ची, भिंती, ड्रेनेज?” मागच्या चौकावरचा कौलारू भाग काढून २००९ च्या दिवाळीनंतर तेथे स्लॅब घातला होता आणि त्या खर्चाची कंत्राटदाराची तीन लाखांची पावती वडिलांनी दस्तऐवजांच्या पिशवीत ठेवलेली होती. कडा पिवळ्या पडल्या होत्या, शिक्का पुसट झाला होता, पण तारीख आणि रक्कम वाचता येत होती. बाईंनी ती बँकेच्या खातेवहीतील नोंदींशी ताडून पाहिली. प्रत्येकाच्या वाट्याला एक लाख. २००९-१० चा निर्देशांक १४८. म्हणून जुन्या पद्धतीत त्या एका लाखाचे दोन लाख चोपन्न हजार चोपन्न रुपये झाले आणि कर पन्नास हजार आठशे अकरा रुपयांनी उतरला. नव्या पद्धतीत त्याच पावतीने केवळ साडेबारा हजार वाचले असते. अखेरीस जुन्या पद्धतीचा कर चार लाख बावीस हजार सातशे एकोणनव्वद झाला आणि नव्या पद्धतीचा पाच लाख पंचवीस हजार. फरक एक लाखाच्या वर गेला. सल्लागाराने पावतीचा प्रश्नच विचारला नाही, तर असा लाभ अशिलाच्या हातून नकळत निघून जातो. म्हणून या एका प्रश्नासाठी मी या सेवेला मनापासून वाखाणतो.

वारशाने आलेल्या मालमत्तेत आणखी एक मुद्दा आहे आणि तो कार्यालयाने स्वतःहून मांडला. आमचे वडील २०१३-१४ मध्ये वारले. वाडा आमच्या नावावर तेव्हा आला, म्हणून निर्देशांक त्या वर्षापासून, म्हणजे २२० पासून मोजावा, असे एखादा कर अधिकारी म्हणू शकतो. तसे झाले तर सात लाखांचे सव्वीस लाखांऐवजी बारा लाखांच्या आतच होतात, जुन्या पद्धतीचा कर सात लाखांच्या वर जातो, आणि साडेबारा टक्क्यांचा मार्गच कमी खर्चाचा ठरतो. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असा निर्णय दिलेला आहे की पूर्वीच्या मालकाने मालमत्ता ज्या वर्षापासून धारण केली, त्या वर्षापासूनच निर्देशांक मोजायचा. दोन्ही निकालांच्या प्रती बाईंनी आमच्या फाइलमध्ये लावून ठेवल्या, म्हणजे पुढे नोटीस आली तर शोधाशोध करावी लागणार नाही. असा विचार करणारा सल्लागार मिळणे हे भाग्य समजावे.

मूल्यमापकाच्या कामाविषयीही लिहायला हवे, कारण सगळा डोलारा २००१ च्या किमतीवर उभा आहे. ही किंमत जितकी जास्त तितका कर कमी, म्हणून ती हवी तशी फुगवून देणारे लोक बाजारात आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर जमीन व इमारतीसाठी २००१ ची बाजारातील किंमत त्या दिवशी मुद्रांक शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या मूल्यापेक्षा, ते उपलब्ध असेल तर, जास्त धरता येत नाही. आमच्या मूल्यमापकाने प्रत्यक्ष येऊन मोजमाप घेतले, सिटी सर्वेची कागदपत्रे पाहिली, रस्त्याची रुंदी, बांधकामाचे वय आणि लाकडी खांबांची अवस्था नोंदवली, आणि आकडा कसा आला ते अहवालात ओळीने लिहिले. दादांनी त्याला ‘पंचवीस लाख लिहिता येतील का’ असे विचारले, तेव्हा त्याने आणि बाईंनी दोघांनीही स्पष्ट नकार दिला. दादा थोडे नाराज झाले, पण मला तो नकार या सेवेचा सर्वांत भरवशाचा भाग वाटला.

फाइलमधले मला सर्वाधिक आवडलेले पान वेगळेच आहे. कोणता मार्ग कोणाला परवडतो हे दाखवणारा एक छोटा तक्ता बाईंनी तयार केलेला आहे. २००१ च्या किमतीच्या ८.३६ पटींपेक्षा २०२५-२६ मधली विक्रीकिंमत कमी असेल, तर इंडेक्सेशनचा जुना मार्ग स्वस्त. त्याहून जास्त असेल तर साडेबारा टक्क्यांचा नवा. आमची किंमत सातपटीहून थोडी अधिक वाढली होती, म्हणून आम्ही जुन्या बाजूला पडलो. २००५-०६ मध्ये घेतलेल्या घरासाठी हा आकडा ६.९०, २०१२-१३ साठी ३.३५ आणि २०१८-१९ साठी १.९१ आहे. दुसऱ्या शब्दांत, २००१ पासून दरवर्षी सरासरी साधारण सव्वानऊ टक्क्यांहून अधिक वेगाने किंमत वाढली असेल, तरच नव्या दराचा फायदा होतो. निर्देशांक स्वतः त्या काळात वर्षाला साडेपाच-पावणेसहा टक्क्यांनी वाढला आहे. मालमत्तेची किंमत आणि निर्देशांक यांच्या वेगांतले अंतर जितके कमी, तितके इंडेक्सेशन गेल्याचे नुकसान मोठे. आणि जितके जास्त, तितका कमी दर फायद्याचा. ‘नवा दर चांगला की जुना’ असा सरसकट वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हा तक्ता एकदा पाहायला हवा. मुख्य रस्त्यालगतच्या, दुकाने निघू शकणाऱ्या वाड्यांच्या किमती दहापट झाल्या असतील, तर त्यांच्या मालकांना नवा मार्गच कमी खर्चाचा आहे: पाच लाखांचे पन्नास लाख झाले असतील, तर जुन्या पद्धतीने सहा लाख चोवीस हजार आणि नव्याने पाच लाख साडेबासष्ट हजार. आणि ज्यांची मालमत्ता आतल्या गल्लीत आहे, जेथे गाडी जात नाही आणि भाव मंद वाढले, त्यांना जुना.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा वाघोडिया रोडवरील फ्लॅट याच कार्यालयाने हाताळला. त्यांच्या संमतीने आकडे देतो. २०१४-१५ मध्ये चाळीस लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्येच अठ्ठावन्न लाखांना गेला. नव्या पद्धतीने अठरा लाख नफा आणि सव्वादोन लाख कर. जुन्या पद्धतीने चाळीस लाखांचे बासष्ट लाख सहासष्ट हजारांच्या वर होतात, म्हणजे उलट तोटा. त्यामुळे कर शून्य. पण येथे एक मर्यादा आहे: हा तोटा केवळ कराच्या तुलनेपुरता मोजला जातो, तो पुढील वर्षांत ओढून नेता येत नाही किंवा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. २०२४ पूर्वी तो तसा नेता येत असे. बाईंनी हे त्या कुटुंबाला आधीच सांगितले होते, कारण त्यांच्याकडे विक्रीयोग्य आणखी एक भूखंड होता आणि तोटा तेथे वापरण्याची त्यांची अपेक्षा होती.

आमच्या ताईचा प्रश्न मात्र कोणत्याही कौशल्याने सुटण्यासारखा नव्हता. ती अनेक वर्षांपासून न्यू जर्सीत आहे आणि कराच्या दृष्टीने अनिवासी. तुलना करून कमी कर भरण्याची सोय फक्त निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. एकाच वाड्यातील तेवढाच वाटा, तोच बाप, तीच पावती, तरी तिला पाच लाख पंचवीस हजार भरावे लागतात आणि दादांना व मला त्याहून एक लाखाने कमी. हा भेद मला अन्यायकारक वाटतो. महागाई वडोदऱ्यात राहणाऱ्याच्या मालमत्तेला जेवढी लागते तेवढीच परदेशी राहणाऱ्याच्याही लागते. कार्यालयाने तिला खोटी आशा दाखवली नाही. निवासी विक्रेत्यांच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केला जाणारा कर, कापतो, अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत मात्र कपात मोठ्या दराने होते आणि प्रमाणपत्र नसेल तर व्यवहारात ती पूर्ण रकमेवर केली जाते. म्हणून कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून दस्तऐवजाच्या आधी मिळवणे आवश्यक होते. बाईंनी तो अर्ज वेळेत केला आणि ताईचे पैसे परताव्याच्या प्रतीक्षेत अडकले नाहीत.

लहान गोष्टीही नीट सांभाळल्या गेल्या. दादा आणि मी दोघेही साठी ओलांडलेले, व्यवसायाचे उत्पन्न नाही, म्हणून आम्हाला आगाऊ कर भरण्याची सक्ती नाही. ताईला मात्र ती आहे, आणि तिला हप्त्याच्या तारखा लेखी कळवल्या गेल्या. दादांचे अन्य उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे मर्यादेचा न वापरलेला भाग त्यांच्या नफ्यातून वजा झाला. बारा लाखांपर्यंत कर नाही, मग भांडवली नफ्यालाही नाही, असा त्यांचा समज होता. ती सवलत विशेष दराच्या नफ्याला लागू होत नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगितले गेले. विक्रीची किंमत जंत्रीपेक्षा, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरपत्रकापेक्षा, खूप कमी दाखवली तर जंत्रीचे मूल्यच विक्रीमूल्य धरले जाते, दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, हेही सौदा ठरण्यापूर्वीच तपासले गेले. गुजरातेत एप्रिल २०२३ मध्ये जमिनीचे जंत्रीचे दर दुप्पट झाल्यापासून जुन्या पेठांत या तपासणीला फार महत्त्व आले आहे.

करबचतीच्या पर्यायांत बाईंनी कलम ५४ ईसी चे रोखे सुचवले, ज्यांत गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही: विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत, जास्तीत जास्त पन्नास लाख, पाच वर्षे पैसे अडकलेले. मला पैशांची गरज लवकर पडण्याची शक्यता असल्याने मी कर भरणेच पसंत केले, आणि त्यांनी माझ्यावर रोख्यांसाठी कोणताही दबाव आणला नाही. रोख्यांवर दलाली मिळते, म्हणून ते गळ्यात मारणारे लोक मी पाहिलेले आहेत, त्यामुळे याचा उल्लेख करतो.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. अंतिम अहवाल इंग्रजीत आणि सोबतचे टिपण गुजरातीत मिळते. वडोदऱ्यात मराठी अशिलांची संख्या लक्षात घेता हाती लिहिलेल्या त्या दोन रकान्यांच्या कागदासारखे मराठी टिपण छापील स्वरूपात देणे त्यांना सहज शक्य आहे. फोनला उत्तर उशिरा येते. सहायक मुलगी निरोप घेते, पण बाईंकडून परत फोन येण्यास एक-दोन दिवस लागतात. बसण्याची जागा अपुरी आहे, आणि दुपारी दांडिया बाजारात गाडी लावणे कठीण, तेव्हा रिक्षाने जावे. शिवाय ताईशी व्हिडिओवर झालेली बैठक न्यू जर्सीतल्या वेळेचा विचार न करता ठरवली गेली होती. तिला पहाटे उठावे लागले.

मोबाइलवरील मोफत कॅल्क्युलेटरशी तुलना केली तर फरक कळतो. त्यापैकी एकाने खरेदीचे वर्ष २००१-०२ पासूनच दिले आणि उत्तर केवळ साडेबारा टक्क्यांचे काढले. सुधारणेच्या खर्चासाठी रकाना नव्हता, वारशाचा प्रश्न नव्हता, निवासी की अनिवासी हेही विचारले नाही. त्या आकड्यावर विसंबून एखाद्याने कर भरला तर जास्त भरलेले पैसे परत मागण्याचे त्याला सुचणारही नाही. साधा फ्लॅट, एकच मालक, स्पष्ट खरेदीखत, असा व्यवहार असेल तर आयकर खात्याच्या निर्देशांकाच्या तक्त्यावरून दोन्ही हिशोब घरीच करता येतात. त्यासाठी बारा हजार खर्च करण्याची गरज नाही. वारसा, अनेक वाटेकरी, २००१ पूर्वीची खरेदी किंवा परदेशातला भाऊ-बहीण यांपैकी काहीही असेल, तर मात्र सौद्याचे बयाणे घेण्याआधीच अशा कार्यालयात जावे.

जाताना मूळ खरेदीखत किंवा त्याची नक्कल, प्रॉपर्टी कार्ड, मृत्यूचे दाखले, वारसनोंद, २००१ नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीच्या पावत्या आणि त्या काळातील बँकेची खातेवही सोबत न्यावी. जुलैपासून विवरणपत्रांची गर्दी सुरू होते आणि त्या काळात बाई नवे काम घेत नाहीत. आमची विक्री जुन्या, १९६१ च्या कायद्याखालील शेवटच्या आर्थिक वर्षातली असल्याने विवरणपत्रासाठी त्यांनी आम्हाला मे २०२६ मधली वेळ आधीच देऊन ठेवली.